अंतुले पडले ते नेमके कशाने?

गणपतीत भाचा घरी आला होता. तो एमपीएससीचा अभ्यास करतो, त्यामुळे आरतीच्या आधीही प्रश्न आणि नंतरही प्रश्न. मुख्यमंत्री, पंतप्रधान किंवा मंत्री गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस अटकेत राहिला तर ३१व्या दिवशी त्याचं पद जावं, असं सांगणारं १३०व्या घटनादुरुस्तीचं विधेयक ऑगस्ट २०२५मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. गणपती पुढच्याच आठवड्यात होते, तेव्हा पडवीत दुसरा विषयच नव्हता. मध्येच भाचा म्हणाला, "मामा, मग आपले अंतुले कशात गेले? त्यांना शिक्षा झाली होती?"

शेजारचे अण्णा म्हणाले, "झाली तर! हायकोर्टानेच केली." खालच्या मोहल्ल्यातले चाचा लगेच उसळले, "कसली शिक्षा? साफ सुटले साहेब." दोघांनीही अंतुल्यांच्या सभा ऐकलेल्या, दोघांनीही कधी ना कधी त्यांना मत दिलेलं. तरी अण्णांचं सरळ चूक होतं. चाचांचं तितकं चूक नव्हतं, पण "साफ सुटले" या दोन शब्दांत मधली कित्येक वर्षं गडप होतात. १९८२मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांची खुर्ची गेली ती सिमेंटच्या वाटपावरून. गोष्ट जरा गुंत्याची आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आधी माणूस

अब्दुल रहमान अंतुले यांचा जन्म १९२९चा. गाव आंबेत, सावित्रीच्या काठावर. त्यांनी लंडनला जाऊन बॅरिस्टरी केली, १९६२पासून श्रीवर्धनचे आमदार राहिले, राज्यात मंत्री झाले, पुढे राज्यसभेत गेले. १९७७मध्ये इंदिरा गांधी हरल्या आणि भोवतालची गर्दी पांगली, तेव्हा हे त्यांच्या सोबत राहिले आणि पक्षाचे सरचिटणीस झाले. १९८०मध्ये बाई परत आल्या आणि जूनमध्ये अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याला मिळालेले ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री.

त्यांची कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची. पण तेवढ्यात कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याच दिवशी मराठवाड्यात जालना जिल्हा झाला. निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना सुरू झाली. आमच्या वाडीतली एक विधवा म्हातारी पोस्टमन येऊन गेला की "अंतुल्याचे पैसे आले" असंच म्हणायची, मुख्यमंत्री बदलून कितीतरी वर्षं झाली तरी. लंडनहून भवानी तलवार आणतो, ही घोषणाही त्यांचीच. तलवार काही आली नाही.

या माणसाची कामाची तऱ्हा एकच होती. फाईल समोर आली की सही. खालून वर, वरून खाली फिरवणं नाही. पिढ्यान्‌पिढ्या "प्रस्ताव विचाराधीन आहे" एवढंच ऐकलेल्या कोकणाला हे आवडलं, यात नवल नाही. पण पुढचं सगळं वाचताना ही सही डोळ्यांसमोर ठेवा. कारण जिल्हा करणारी सही आणि घात करणारी सही एकाच पेनाची होती.

सिमेंटची गोणी म्हणजे तेव्हा काय होतं

भाच्याला इथेच पहिली अडचण आली. "सिमेंटसाठी कोणी मुख्यमंत्री जातो?" त्याच्या लेखी सिमेंट म्हणजे दुकानात फोन करायचा आणि टेम्पो दारात.

तेव्हा सिमेंट "कंट्रोल"मध्ये होतं, म्हणजे त्याचा भाव आणि वाटप दोन्ही सरकार ठरवायचं. रेशनवरच्या रॉकेलसारखं समजा. माल कमी, मागणी दांडगी, त्यामुळे परमिट असेल त्यालाच माल. आमच्या घराचा मागचा सोपा १९८१मध्ये बांधायला काढला होता. जांभ्याचे चिरे दारात येऊन पडलेले, आणि वडील सिमेंटच्या परमिटसाठी तालुक्याच्या कचेरीत खेपा घालत होते. पंचवीस गोण्या मागितल्या, मिळाल्या आठ. त्याही अशा वेळी की पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. बांधकाम थांबलं. कोकणातल्या पावसाळ्यात सिमेंट किती टिकतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दसऱ्याला सोप्यात जाऊन बघतो तर आठांतल्या तीन गोण्या जागच्या जागी दगड. तागाच्या विणीचा ठसा त्यांच्यावर अजून आहे, विहिरीजवळ धोंडा म्हणून वापरतो.

आता हाच मामला मुंबईत नेऊन बघा. तिथे बिल्डरला आठ गोण्या नकोत, शेकड्याने टन हवेत. समजा सरकारी भाव गोणीला ३० रुपये आणि काळ्या बाजारात ६०. (आकडे मी हिशेबापुरते घेतलेत.) ५०० टन म्हणजे १०,००० गोण्या. म्हणजे परमिटवरच्या एका सहीने बिल्डरचे ३ लाख रुपये वाचतात, आणि ते १९८१चे ३ लाख. नेहमीच्या कोट्याव्यतिरिक्त असं तात्पुरतं जादा वाटप करण्याची मुभा सरकारकडे होती. कोणाला द्यायचं आणि किती द्यायचं हे आपल्या मर्जीने ठरवण्याच्या या अधिकाराला स्वेच्छाधिकार म्हणतात. टंचाई असली की असा अधिकार म्हणजे नोटा छापायचं यंत्रच. तो वापरणारा साधू असला तरी दारात रांग लागतेच.

मग प्रतिष्ठान कुठून आलं?

अंतुल्यांनी १९८०मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा ट्रस्ट उभा केला. लेखक-कलावंतांना मदत करायची, असा उद्देश. उद्देशात खोट काढण्यासारखं काही नाही. पैसा देणग्यांतून जमवायचा होता. साखर कारखान्यांनी दिला, बिल्डरांनी दिला.

३१ ऑगस्ट १९८१ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांचा लांबलचक लेख आला. आरोप थोडक्यात असा: या देणग्या मनाने दिलेल्या नाहीत, सरकारी मेहेरबानीच्या बदल्यात घेतलेल्या आहेत. त्यात पंतप्रधानांचं नाव लावलेला ट्रस्ट, त्यामुळे गदारोळ थेट संसदेत पोचला. मुंबईतले भाजपचे नेते रामदास नायक यांनी दुसऱ्याच दिवशी राज्यपालांकडे खटल्याची परवानगी मागितली. ही परवानगी लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे.

हायकोर्टाने नेमकं केलं काय?

अण्णांची गफलत इथली. १२ जानेवारी १९८२ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला, तो फौजदारी खटल्याचा नव्हताच. पी. बी. सामंत आणि इतरांनी रिट याचिका केली होती. रिट म्हणजे "सरकार बेकायदा वागतंय, त्याला रोखा" असं नागरिकाने उच्च न्यायालयाला घातलेलं साकडं. त्यात आरोपीचा पिंजरा नसतो आणि तुरुंगवासही नसतो. सरकारचं कृत्य कायद्यात बसतं की नाही, एवढंच तपासलं जातं.

गावच्या हिशेबात सांगायचं तर असं. ग्रामपंचायतीने पाण्याची टाकी सरपंचाच्या मेव्हण्याच्या आवारात बांधली. तुम्ही कोर्टात जाऊन तो ठराव रद्द करून घेतलात. ठराव पडला म्हणून सरपंच तुरुंगात जात नाही. त्यासाठी पोलीस, साक्षीपुरावे, सगळं निराळं करावं लागतं. पण "ठराव मेव्हण्यासाठीच केला होता" असं कोर्टाने लिहून दिल्यावर सरपंचाने चावडीवर कोणत्या तोंडाने बसायचं?

लेंटिन यांनी असंच काहीसं लिहून दिलं. सिमेंट देणं सरकारच्या अधिकारातलं, देणगी घेणंही ट्रस्टच्या अधिकारातलं. सुटं सुटं बघितलं तर दोन्ही निर्मळ. पण बिल्डरांना मिळालेलं जादा सिमेंट आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. त्यानंतर अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि महिना संपायच्या आत बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. अंतुल्यांना अटक झाली नव्हती, त्यांच्यावर आरोप निश्चित झाले नव्हते, खटला उभाही राहिला नव्हता. तरी खुर्ची गेली.

"पण पैसे स्वतःच्या खिशात नाही ना घातले?"

चाचांचा हा हुकमी मुद्दा, आणि तो मी असंख्य वेळा ऐकला आहे. पैसा ट्रस्टकडे गेला, ट्रस्ट कलावंतांसाठी, मग लाच कुठे आली?

कायद्याचं उत्तर रोखठोक आहे. तेव्हाच्या दंडविधानात लाचेची व्याख्या "स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी" घेतलेला मोबदला अशी होती. तलाठ्याने सातबाऱ्याच्या नोंदीसाठी पाचशे रुपये मागितले आणि "हे माझ्यासाठी नाहीत हो, देवळाच्या जीर्णोद्धाराला द्या, पावती देतो" असं म्हटलं, तरी तुमचे पाचशे गेलेच. ज्याच्याकडे पाचशे नव्हते त्याची नोंद राहिली ती राहिलीच.

माझ्या डोक्यात मात्र कायद्यापेक्षा त्या आठ गोण्या येतात. सिमेंट तेवढंच होतं. कोणाला जादा मिळालं म्हणजे रांगेतल्या कोणाला तरी कमी मिळालं, आणि रांगेतला माणूस देणगी देणाऱ्यांपैकी नव्हता. याला कोणी भावनिक युक्तिवाद म्हणेल. म्हणू दे.

खटल्याचं घोडं कुठे अडलं?

आता फौजदारी बाजू. मंत्री, अधिकारी, कर्मचारी अशा सरकारी अधिकार वापरणाऱ्यांना कायदा लोकसेवक म्हणतो. लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला भरायचा तर त्याला पदावरून काढू शकणाऱ्याची आधी मंजुरी लागते. हेतू वाईट नाही. नाहीतर उठसूट कोणीही कोर्टात खेचेल आणि प्रामाणिक अधिकारी सही करायलाच धजणार नाही. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत ही मंजुरी राज्यपालांकडे. ती मिळाली जुलै १९८२मध्ये, म्हणजे राजीनाम्यानंतर सहा महिन्यांनी.

नायकांनी विशेष न्यायाधीशांपुढे खटला दाखल केला. अंतुल्यांच्या बाजूने मुद्दा आला तो बॅरिस्टरला शोभेल असाच: मुख्यमंत्रिपद गेलं तरी मी आमदार आहे, आमदारही लोकसेवक, मग त्या नात्याने वेगळी मंजुरी कुठे आहे? विशेष न्यायालयाने हे मान्य केलं आणि जुलै १९८३मध्ये त्यांना मोकळं केलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९८४मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पदच सुटलं असेल तर मंजुरीचा प्रश्न उरत नाही. दुसरं पद हातात असलं तरी फरक पडत नाही. डेपोचा मॅनेजर असताना डिझेल चोरल्याचा आरोप असेल, तर आज मी पतपेढीचा संचालक आहे म्हणून पतपेढीची परवानगी आणा, असं म्हणता येत नाही. दोन, त्या वेळच्या दंडविधानानुसार आमदार लोकसेवकच नाही. (हे दोन्ही आता बदललं आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर पद सुटलेल्यावर खटला भरायलाही मंजुरी लागते. दुसऱ्याचं म्हणाल तर, १९८८मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधाचा नवा कायदा आला, त्यात व्याख्या मोठी झाली, आणि १९९८मध्ये नरसिंह रावांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासदार लोकसेवक आहेत असं सांगितलं.)

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक कबूल केली ती ही

१९८४च्या निकालात आणखी एक ओळ होती. खटला रेंगाळला आहे, तेव्हा तो विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे रोजच्या रोज चालवा. हेतू खटला लवकर संपवण्याचा. अंतुल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं, आणि २९ एप्रिल १९८८ला सात न्यायाधीशांच्या पीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं.

वरचं कोर्ट मिळालं तर बिघडलं कुठे, असं वाटेल. मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं. त्याचं असं आहे: एखादा वाद आधी तहसीलदाराने ऐकायचा असं कायद्यात लिहिलं आहे. तुमचा वाद थेट कलेक्टरने ऐकला. मान मोठा मिळाला खरा, पण तहसीलदार चुकला असता तर प्रांताकडे, मग कलेक्टरकडे जाता आलं असतं. त्या पायऱ्याच गेल्या. १९५२च्या कायद्यानुसार असे खटले विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे होते, म्हणजे निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात अपील. खटला तिथेच सुरू झाला तर ते अपील कुठे करणार? बहुमताचं म्हणणं असं की कोर्टाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला पडता कामा नये. मग तो पक्षकार लोकांच्या नजरेत कितीही बदनाम असो.

मला विचाराल तर निकाल योग्य होता, आणि त्याची किंमतही मोठी होती. उच्च न्यायालयात तोवर आरोप निश्चित झाले होते, साक्षी झाल्या होत्या. गाडी पुन्हा पहिल्या स्थानकावर. तोवर राजीनाम्याला सहा वर्षं होऊन गेली होती. डिसेंबर १९९१मध्ये "खटला लवकर निकाली निघणं हा आरोपीचा हक्क आहे" असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला, त्यावरही अंतुल्यांचंच नाव आहे. वकिलीच्या विद्यार्थ्यांना अंतुले माहीत असतात ते या निकालांमुळे. त्यांना सिंधुदुर्ग कोणी केला ते विचारून बघा.

आणि शिक्षा? या प्रकरणात कुठल्याही कोर्टाने त्यांना ती शेवटपर्यंत दिली नाही. चाचांचं एवढं खरं.

"कोकणचा माणूस म्हणून बळी दिला"

हे आमच्याकडे निम्मे लोक मानतात, आणि यात थोडं तथ्य आहे असं माझं मत. महाराष्ट्राचं राजकारण तेव्हा साखर कारखाने आणि सहकारी बँकांवर उभं होतं, आणि कोकणात यातलं काय होतं? आंबा, मासळी आणि मुंबईची मनिऑर्डर. अंतुल्यांच्या मागे आमदारांचा स्वतःचा गट नव्हता, होता तो दिल्लीचा हात. दिल्लीने बसवलेल्याला उठवणंही दिल्लीच्याच हातात. निकालानंतर त्यांच्यासाठी कोणी अंगावर वार घ्यायला पुढे आलं नाही.

पण "बळी" म्हटलं की निकालातला मजकूर विसरायला होतो. तो कोणा साखरसम्राटाने लिहिला नव्हता. लेंटिन कोणाची भीड ठेवणारे नव्हते. पुढे जे. जे. रुग्णालयातल्या भेसळीच्या औषधाने झालेल्या मृत्यूंची चौकशी त्यांनीच केली आणि तिथेही मंत्र्यांना सोडलं नाही.

शिवाय बळी गेलेला माणूस परत येत नाही. अंतुले आले. १९८९, १९९१ आणि १९९६ला कुलाब्यातून लोकसभेत गेले, १९९५मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले. २००४ला पुन्हा निवडून आले आणि २००६मध्ये नव्याने झालेल्या अल्पसंख्याक खात्याचे पहिले मंत्री झाले. २००८च्या हल्ल्यानंतर हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी संसदेत शंका काढली आणि स्वतःच्याच सरकारला अडचणीत आणलं. २००९ला रायगडमधून अनंत गीते यांच्याकडून हरले. डिसेंबर २०१४मध्ये मुंबईत वारले. सहीसारखंच बोलणंही, मागचा-पुढचा विचार नंतर.

नवं विधेयक तेव्हा असतं तर?

भाच्याचा मूळ प्रश्न हा होता. उत्तर सरळ आहे: काहीच झालं नसतं. विधेयक अटकेचे दिवस मोजतं, आणि राजीनामा दिला तेव्हा अंतुल्यांच्या अटकेचा विषयसुद्धा नव्हता. उलट २०२४मध्ये अरविंद केजरीवाल अटकेत असताना सहा महिन्यांच्या आसपास दिल्लीचे मुख्यमंत्री राहिले. एकाची खुर्ची अटकेशिवाय गेली, दुसऱ्याची अटक होऊनही लगेच गेली नाही. विधेयकाच्या बाजूचे दुसरं उदाहरण देतात. विरोधक विचारतात की अटक करणारे पोलीस किंवा तपास यंत्रणा ज्याच्या हातात, त्याच्याच हातात दुसऱ्याची खुर्ची द्यायची का? विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. दोन्ही बाजूंचं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे परीक्षेत दोन्ही लिहायचं." लिही बाबा.

मला त्यापेक्षा दुसरी एक तारीख जास्त बोलकी वाटते. निकाल १२ जानेवारी १९८२चा. २८ फेब्रुवारी १९८२ला, म्हणजे दीड महिन्याने, केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं. काही हिस्सा कारखान्यांनी सरकारला ठरल्या भावाने द्यायचा, उरलेलं खुल्या बाजारात. १९८९मध्ये ते पूर्णच उठलं. सिमेंटच्या परमिटावरची सही कवडीमोल झाली. कोकणात आज ती रांग बिनशेतीच्या परवानगीला आहे, वाळूच्या ठेक्याला आहे, चिऱ्याच्या खाणीला आहे. हायवेलगतच्या जमिनीचं तर विचारूच नका.

आमचा सोपा १९८२च्या मे महिन्यात पुरा झाला. वडिलांनी म्हसळ्याच्या दुकानातून वीस गोण्या आणल्या. भाव चढा होता, त्यावरून आई महिनाभर बोलत होती. सही मात्र एकच लागली, बैलगाडीवाल्याची, भाडं मिळाल्याची. तोही अंगठाच होता.